अकरावीनंतरची रॉकेट प्रॉपल्शन इंटर्नशिप, कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या छोट्या मशीन शॉपमध्ये दर उन्हाळ्यात अकरावी संपवलेली सहा मुलं-मुली सहा आठवडे रॉकेट प्रॉपल्शनचं काम शिकायला येतात. मार्च उजाडला की फोन वाजायला लागतात. विचारणारे वेगळे, प्रश्न बहुतेक तेच. घाईत दिलेलं उत्तर अपुरं राहतं आणि आई-वडिलांच्या मनातली शंका तशीच राहते, म्हणून सगळं इथं लिहून ठेवतोय.

प्रॉपल्शन म्हणजे काय? मुलं तिथं खरंच रॉकेट उडवतात का?

उडवत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याच आशेनं आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हिरमुसतात.

रॉकेटला पुढे रेटणारी जी यंत्रणा असते तिचं शास्त्र म्हणजे प्रॉपल्शन. टाक्या, पंप, इंधन फवारणारी इंजेक्टरची चकती, ज्वलनकक्ष आणि शेवटी नोझल. दर सेकंदाला किती वस्तुमान मागे फेकलं आणि किती वेगानं फेकलं, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे रेटा, म्हणजेच थ्रस्ट. त्यात नोझलच्या तोंडाशी आतल्या-बाहेरच्या दाबात जो फरक उरतो, त्याचा थोडा हिस्सा मिळवायचा. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात सीई-२० हे इंजिन आहे. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन त्यात येतो, आणि तिथून हातभर अंतरावर ज्वलनकक्षात तीन हजार अंशांच्या घरातला वायू असतो. रेटा सुमारे २० टन. ते इंजिन आम्ही करत नाही, करूही शकत नाही. आम्ही त्यातला प्रवाह, फवारा, नोझलचा आकार आणि रेट्याची मोजणी शिकवतो. माध्यम पाणी आणि हवा.

आगच नाही, मग हे शिकून उपयोग काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी याचं उत्तर जरा सावकाश देतो.

खऱ्या इंजिनाची चकतीसुद्धा आगीपुढे जाण्याआधी पाण्यावर तपासली जाते. कुठल्या भोकातून किती पाणी आलं, फवारा सरळ पडला की तिरका, सगळीकडे सारखा पसरला का, हे आधी पाहतात. याला कोल्ड फ्लो म्हणतात. इथं चूक राहिली तर ज्वलनकक्षात एका बाजूला इंधन कमी-जास्त होतं आणि भिंत जळते. म्हणजे मुलं जे करतात ते खेळण्यातलं काम नव्हे. खऱ्या कामाची ती पहिली पायरी आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलानं धोका न पत्करता नीट करावी अशी तेवढी एकच पायरी आहे.

आता पाण्याचं रॉकेट घ्या. दोन लिटरची थंड पेयाची बाटली, त्यात एक तृतीयांश पाणी, वर ४ बार दाबाची हवा. पाणी बाहेर पडण्याचा वेग हिशेबानं सेकंदाला २८ मीटर येतो. नोझलचं भोक ९ मिलिमीटरचं असेल तर रेटा साधारण ५१ न्यूटन, म्हणजे पाच किलोच्या वर. नोझल न लावता बाटलीचं आख्खं तोंड, साडेएकवीस मिलिमीटरच्या आसपास, मोकळं सोडलं तर तोच रेटा तीस किलोच्या जवळ जातो. मुलांना हा आकडा खरा वाटत नाही. मग ती क्षेत्रफळ पुन्हा काढतात, कुठं दोनानं जास्तीचं गुणलं गेलं का बघतात, आणि शेवटी रेटा मोजायच्या स्टँडवर बाटली लावून मोजतात. तो क्षण मला दरवर्षी नवा वाटतो.

याच हिशेबातून स्पेसिफिक इम्पल्स निघतो, म्हणजे मागे फेकलेल्या वस्तुमानातून किती कस निघाला त्याचं माप. वेगाला ९.८१ नं भागलं की पाण्याच्या रॉकेटचा आकडा येतो २.९ सेकंद. सीई-२० चा आहे ४४० सेकंदांच्या वर. हायड्रोजन इतका त्रासाचा असूनही का वापरतात, हे या दोन आकड्यांतल्या अंतरावरून जेवढं कळतं तेवढं माझ्या भाषणातून कळत नाही.

सहा आठवड्यांत नेमकं काय काय होतं?

पहिला आठवडा मोजमापाचा. व्हर्निअर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचणं, कानस चालवणं. बऱ्याच मुलांनी व्हर्निअर फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हातात धरलेलं असतं. इथं एकच जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला एक भाग, सहा जणांकडून मोजून घेतो आणि सहा उत्तरं फळ्यावर लिहितो. ती सारखी येईपर्यंत पुढे जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात भोकातून वाहणारं पाणी. पितळी चकतीत १ मिलिमीटरचं भोक, मागे ३ बार दाब, खाली मोजपात्र, हातात स्टॉपवॉच. बर्नुलीच्या सूत्रानं ३० सेकंदांत ५७० मिलीच्या पुढे पाणी यायला हवं. येतं ४०० च्या आसपास. उरलेलं पाणी गेलं कुठं? कुठंच नाही. कडेला धार आकसते आणि घर्षणात थोडा वेग जातो. दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे डिस्चार्ज कोइफिशंट, इथं ०.७ च्या जवळ. पुस्तकात तो एका ओळीत उरकतो. आमच्याकडे त्याला चार दिवस लागतात आणि लागायलाच हवेत.

तिसरा-चौथा आठवडा इंजेक्टरचा, आणि माझ्या मते हाच खरा गाभा. दोन तिरकी भोकं अशी पाडायची की दोन्ही धारा हवेत एका बिंदूवर भिडतील. भिडल्या की पाण्याचा पातळ पंखा उघडतो आणि कडांना फुटून त्याचे थेंब होतात. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात ड्रिल बाहेर येताना भोकाच्या तोंडाशी बारीक बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली खरबरीत कड, राहते. डोळ्यांना दिसत नाही, नख फिरवलं तर लागते. तेवढ्यानं एक धार अंशभर कलते, दोघी एकमेकींना चुकवून निघून जातात आणि पंखा उघडतच नाही. आमचे मिस्त्री काही बोलत नाहीत, मुलाचं बोट धरून भोकाच्या कडेवरून फिरवतात. ती बर काढून पुन्हा पाणी सोडलं आणि पंखा उघडला की शॉपमधला टर्नरसुद्धा मशीन थांबवून बघायला येतो.

शिरोळ-कागलकडची मुलं इथं एक गोष्ट लगेच ओळखतात. औषध फवारणीच्या पंपाच्या नोझलमध्ये एक छोटी तिरक्या खाचांची चकती असते, तिच्यामुळे पाणी गरगर फिरत पोकळ शंकूसारखं बाहेर येतं. अनेक द्रव इंधनाच्या इंजिनांत स्वर्ल इंजेक्टर असतात, त्यांचं तत्त्व अगदी तेच. घरचं नोझल घेऊन या म्हणतो आम्ही. उसावर मारायचा फवारा आणि इंजिनातला फवारा एकाच टेबलावर, एकाच मोजपात्रानं मोजला जातो.

पाचव्या आठवड्यात हवेवर चालणारं नोझल आणि रेटा मोजायचा स्टँड, सहाव्यात अहवाल. नोझलचा आकार आधी आवळता आणि मग पसरता, मधला अरुंद भाग म्हणजे घसा. आतला निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वात शून्यापासून मोजलेला, बाहेरच्या १.८९ पट झाला की घशात हवेचा वेग ध्वनीइतका होतो, आणि त्यापुढच्या पसरत्या भागात तो आणखी वाढतो. पाणी रुंद जागेत मंदावतं, त्यामुळे पाण्याची सवय झालेल्या मुलांना हे उलटं वाटतं. या आकाराला डी लाव्हाल नोझल म्हणतात. गुस्ताफ डी लाव्हाल हा स्वीडनचा अभियंता, आणि दुधातून साय वेगळी करणारा सेपरेटर त्याचाच. वेगानं फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनसाठी त्यानं हे नोझल काढलं. दुधावर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ही ओळख करून द्यायला मला फार आवडतं.

एक बारीक गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथला हवेचा दाब पुस्तकातला १.०१३ बार नसतो, सुमारे ०.९५ असतो. हिशेबात तोच घ्यायचा.

मुलाला घरीच छोटं रॉकेट बनवायचंय. दारू भरून किंवा साखरेचं इंधन करून. चालेल का?

नाही. कुठल्याही कारणानं नाही.

मी पंधरा वर्षांचा असताना दिवाळीच्या फटाक्यांतली दारू काढून लोखंडी नळीत ठासली होती, शेतात, दोन मित्रांसोबत. नळी फुटली. एक तुकडा माझ्या डाव्या तळव्यात शिरला, दुसरा मित्राच्या कानाजवळून गेला. तळव्यावरचा व्रण मी दर बॅचला पहिल्या दिवशी दाखवतो. घरगुती इंधन कधी, किती वेगानं पेटेल याचा भरवसा देता येत नाही, आणि बंद नळीत ते पेटलं तर तो बॉम्बच असतो. कायद्यानंही परवान्याशिवाय स्फोटक मिश्रण बनवणं गुन्हा आहे. १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम त्याला लागू होतात, आणि परवान्यांचं काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. पालकांनो, मुलानं यूट्यूबवर असं काही पाहिलं असेल तर रागावू नका, पण थांबवा आणि आम्हाला फोन करा. ज्याला ही ओढ आहे त्याला ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर द्या. त्यात तो हवी तितकी रॉकेटं पाडू शकतो.

मुलीला पाठवायचं म्हणतोय. वातावरण कसं आहे? आणि मशीनवर काम करताना काही झालं तर?

सहात निदान तीन मुली असाव्यात असा आमचा नियम आहे. स्वच्छतागृह वेगळं आहे, कामाची वेळ सकाळी नऊ ते दुपारी दोन, आणि पालक कधीही न सांगता येऊन बसू शकतात.

लेथवर विद्यार्थ्याचा हात लागत नाही. लेथ आमचे मिस्त्री चालवतात, विद्यार्थी ड्रॉइंग देतो, शेजारी उभा राहतो आणि निघालेला जॉब मोजतो. अठरा वर्षांखालच्यांना धोकादायक कामावर घेण्यास कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे. म्हणूनच फाउंड्री दाखवायला शिरोलीला नेतो तेव्हाही भट्टीपासून लांब, आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर उभं करतो. हवेचा व्हॉल्व्ह मोठ्या माणसानंच उघडायचा, मुलं पॉलिकार्बोनेटच्या जाड पडद्यामागे. बाटली स्टँडवर जाण्याआधी पूर्ण पाण्यानं भरून जास्त दाबाला तपासतो, कारण पाणी दबत नाही आणि बाटली फुटली तरी फक्त ओलं होतं. केस बांधलेले, बाह्या घट्ट, अंगठी-कडं घरी, चष्मा कायम डोळ्यांवर.

फी किती? स्टायपेंड मिळतो का?

फी नाही. स्टायपेंडही नाही. दुपारचा चहा-नाश्ता शॉपतर्फे.

निवड गुणांवर होते का?

नाही. दहावीचे गुण आम्ही विचारतही नाही. अर्जासोबत एकच काम असतं: घरच्या नळाखाली ठरावीक मापाचं भांडं ठेवून ते भरायला लागलेला वेळ दहा वेळा मोजायचा आणि जसा आला तसा लिहून पाठवायचा.

दहाच्या दहा रीडिंग सारखी आली तर आम्ही फोन करून विचारतो. बहुतेकदा पोरगं गप्प होतं. गडहिंग्लजच्या एका मुलीनं पाचव्या रीडिंगपुढे लिहिलं होतं, ‘शेजारच्यांनी मोटर चालू केली, म्हणून जास्त वेळ लागला, हे रीडिंग खोडलेलं नाही.’ तिचा अर्ज वाचून संपायच्या आत तिची जागा ठरली होती.

प्रयोग फसला तर?

फसतोच. गेल्या वर्षी रेट्याची रीडिंग दुपारी बारानंतर खाली यायची. एकदा मी बोल्ट पुन्हा आवळले, एकदा वायरी बदलल्या. त्याच गडहिंग्लजच्या मुलीनं, मला न विचारता, स्टँड रिकामा असताना दर अर्ध्या तासाला शून्य किती दिसतं ते वहीत लिहायला सुरुवात केली, शेजारी पत्र्याखालचं तापमान. तिसऱ्या दिवशी वही पुढे केली. तापमान चढलं की लोडसेलचं, म्हणजे स्टँडवरच्या रेटा मोजणाऱ्या सेन्सरचं, शून्य सरकत होतं. दोष बोल्टचा नव्हता, मे महिन्यातल्या पत्र्याचा होता. आता प्रत्येक चाचणीआधी शून्य घेतो आणि चाचण्या दहाच्या आत उरकतो.

दुसरी फसगत त्याच स्टँडवरची. पाण्याची बाटली अर्ध्या सेकंदात रिकामी होते. लोडसेलचा सिग्नल वाचणारं एचएक्स-७११ हे स्वस्त कार्ड मूळच्या जोडणीत सेकंदाला दहाच वेळा वाचतं. म्हणजे सगळ्या चाचणीचे पाच ठिपके, आणि आलेख झोपडीसारखा. हेच कार्ड ८० वेळा वाचू शकतं, फक्त त्यावरच्या चिपचा एक पाय सोडवून दुसरीकडे सोल्डर करावा लागतो. तो केला आणि रेटा कसा झटकन चढतो, हवेचा दाब घटत जाईल तसा कसा उतरतो, शेवटी उरलेली हवा सुटते तेव्हाचं शेपूट, सगळं आलेखात दिसलं.

१५ एप्रिल २०१० च्या जीएसएलव्ही-डी३ रॉकेटच्या उड्डाणात भारताचा स्वतःचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा, टप्पा अपयशी ठरला, हायड्रोजनच्या बूस्टर पंपात दोष निघाला. यश आलं ५ जानेवारी २०१४ ला. मधली पावणेचार वर्षं लोक असेच आकडे लिहीत बसले होते, हे मी मुलांना सांगतो.

थेट इस्रोत इंटर्नशिप का करू नये?

जरूर करावी, पण शाळकरी वयात ती वाट वेगळी आहे. इस्रोचा युविका हा कार्यक्रम नववीतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, उन्हाळ्यात दोन आठवडे, राहण्यासह, आणि ग्रामीण मुलांना त्यात प्राधान्य असतं. नववीत मूल असेल तर अर्ज चुकवू नका. इस्रोच्या इंटर्नशिप पदवी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. अकरावी-बारावीचा काळ मधेच लोंबकळतो, म्हणून तर आम्ही हे सुरू केलं.

पुढे कुठल्या शाखेला जावं?

एरोस्पेस हे एकच उत्तर नाही. मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी, इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्यांना प्रॉपल्शनमध्ये काम आहे. तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विज्ञानाच्या संस्थेत एरोस्पेसचा बी.टेक. आहे, प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून. आणि एक गोष्ट मी मुद्दाम मोठ्यानं सांगतो: आयटीआयचा टर्नर, फिटर, मशिनिस्टसुद्धा इस्रोत टेक्निशियन म्हणून घेतला जातो. ज्या घरात ‘इंजिनिअर नाही झालास तर काय’ असं ऐकवलं जातं, तिथं हे सांगा. इंजेक्टरची चकती शेवटी कुणाच्या तरी हातातूनच निघते.

कोल्हापुरात बसून या क्षेत्रात काय होणार?

या प्रश्नाचा मला थोडा राग येतो, पण तो काळजीतून येतो हेही कळतं. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं रोज जे कास्टिंग ओतलं जातं आणि मशीन होतं, त्यातला हात आणि रॉकेटच्या भागाला लागणारा हात वेगळा नाही. वेगळं आहे ते कागद ठेवण्याचं, तपासणीचं आणि धातूच्या शुद्धतेचं काटेकोरपण. ते शिकता येतं. महाराष्ट्रातच पाहा: विक्रोळीत गोदरेजकडे ‘विकास’ नावाची द्रव इंधनाची इंजिनं आणि सीई-२० तयार होतात, इंदापूरजवळच्या वालचंदनगरला एलव्हीएम-३ च्या बाजूला लागणाऱ्या एस-२०० या घन इंधनाच्या बूस्टरची आवरणं बनतात, पुण्यात सुतारवाडीला डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. खासगी क्षेत्रात स्कायरूटचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं, आणि अग्निकुलनं ३० मे २०२४ ला एकसंध थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनावर उड्डाण केलं.

मराठी माध्यमाच्या मुलाला जमेल का?

जमतं. शिकवणं मराठीतच आहे. रेटा, घसा, फवारा, धार हे शब्द आम्ही बिनदिक्कत वापरतो, कारण अर्थ लगेच कळतो. डेटाशीट मात्र इंग्रजीत असतात, त्या रोज अर्धा तास एकत्र बसून वाचतो. गणित अकरावीचं पुरतं. कॅल्क्युलस आलं तर छान, नाही आलं तर आलेखाखालची घरं मोजून क्षेत्रफळ काढतो.

जेईई-सीईटीचे क्लास बुडतील ना?

क्लासची सकाळची बॅच असेल तर बुडतील. दुपारची असेल तर नाही. मुलाचं मन क्लासमध्ये असेल तर इथं पाठवू नका. दोन्हीकडे अर्धवट राहिलेलं मूल मी पाहिलंय आणि त्यात दोष त्याचा नव्हता.

प्रमाणपत्र मिळतं का? प्रवेशाला उपयोग होतो?

जेईई, सीईटीच्या प्रवेशाला काडीचा उपयोग नाही. आम्ही एक पानाचं पत्र देतो, त्यात त्या विद्यार्थ्यानं स्वतः काय मोजलं, काय बनवलं तेवढंच लिहिलेलं असतं. ‘रॉकेट इंजिन डिझाइन केलं’ असं लिहून द्या म्हणणारे पालक भेटतात. केलेलं नसतं, म्हणून लिहीत नाही.

बाहेरगावच्या मुलांची राहायची सोय?

आमची स्वतःची नाही. पण शाहू महाराजांनी १९०१ पासून उभारलेल्या बोर्डिंगांचं हे गाव आहे. सुट्टीत वसतिगृहांत खोल्या रिकाम्या असतात, चौकशीला आम्ही सोबत येतो. एसटी स्टँडपासून उद्यमनगर लांब नाही.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

बंद बूट, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली, साधा कॅल्क्युलेटर. पानांना क्रमांक घातलेली जाड वही आणि पेन. पेन्सिल नको, कारण वहीतलं काही पुसायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. घरी फवारणीचा पंप असेल तर त्याचं नोझल, औषध राहिलेलं असतं म्हणून साबणाच्या पाण्यानं तीनदा धुऊन, पिशवीत घालून.